आधी उतार मोजा!

शाळेच्या एखाद्या जुन्या पडवीत सुतारकामाचे वर्कशॉप काढायचे ठरले, की पहिली अडचण येते ती जमिनीची. काँक्रीट भक्कम असते, पण उतरते. त्यावर टेबल डुगडुगते, ठेवलेली वस्तू घरंगळते. 'गवंड्याने काम बिघडवले' असे आपण म्हणून मोकळे होतो. वास्तविक तो उतार पुष्कळदा मुद्दामच दिलेला असतो. आत आलेले पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून. मग कोणीतरी सुचवतो, 'वर आणखी काँक्रीट ओता.' माझे मत उलट आहे. उतार आहे तसा राहू द्यावा, त्यावर लाकडाची सपाट जमीन करावी, आणि तिची मोजमापे विद्यार्थ्यांनीच घ्यावीत.

काँक्रीटचा हिशेब करून पाहा. खोली ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि उतार १०० ला १ धरू. म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ सेंमी खाली. भरायची जागा पाचरीच्या आकाराची, तेव्हा तिचे घनफळ ६ × ४ × ०.०६ च्या निम्मे, म्हणजे ०.७२ घनमीटर. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २४०० किलोग्रॅम भरते. वजन झाले जवळजवळ पावणेदोन टन! एवढे करून उंच टोकाकडे थर निमुळता होत जातो, आणि तसला पातळ थर जुन्या काँक्रीटला नीट धरत नाही. त्याच्या खपल्या निघतात.

त्यापेक्षा वासे उताराच्या दिशेने मांडावेत व त्यांची खालची कड उताराप्रमाणे कापावी: उंच टोकाशी ४ सेंमी, खोल टोकाशी १० सेंमी. वासे आडवे टाकू नका, नाहीतर प्रत्येक वासा म्हणजे एक छोटे धरणच! ओल अडवण्यासाठी खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि पाणी-वारा जाण्यास खोल टोकाला फट ठेवावी. वरच्या फळ्या पावसाळ्यात फुगतात, म्हणून भिंतीलगतही थोडी जागा सोडावी. लाकडाच्या जमिनीवर पाय कमी दुखतात, आणि हातून पटाशी पडली तरी तिची धार वाचण्याचा संभव अधिक.

माझा खरा आग्रह आहे तो मोजमापाविषयी. अशाच एका कामावर मी प्रयोगशाळेतली ३० सेंमी लांबीची बुडबुड्याची पाणसळ घेऊन गेलो. ६ मीटरांत ती वीस वेळा मांडली आणि उतार ४ सेंमी काढला. मिस्त्रींनी काही न बोलता पाण्याची नळी लावली. उत्तर आले ६ सेंमी. मग मी पाणसळीची टोके उलटी करून पाहिले, तेव्हा बुडबुडा दुसरीकडेच जाऊन बसला. दर मांडणीस १ मिमीची चूक. वीस मांडण्यांत २ सेंमी! माझी एम्. एस्सी. तिथे कामी आली नाही.

पाण्याच्या नळीत चुका अशा साठत नाहीत. पारदर्शक नळी पाण्याने भरली, की दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते. मधली नळी कशीही वळलेली असो. पण तिचीही पथ्ये आहेत. उभ्या भागात २ सेंमीचा बुडबुडा अडकला, तर पातळीत तेवढाच फरक पडतो. एक बाजू उन्हात नको. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा ४० अंशांचे पाणी सुमारे ०.६ टक्के हलके असते. १ मीटर उंचीच्या स्तंभात हा फरक ६ मिमी होतो.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही. मान्य, परंतु 'द्रव आपली पातळी राखतो' हे वाक्य पाठ करून घेण्यात जातो तो वेळही काही थोडा नव्हे. दोन तासिका पुरतात. खोलीत दर मीटरवर खडूच्या खुणा करा. भिंतींलगतच्या धरून ३५ बिंदू होतील. प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी जमिनीपासून किती उंच आहे ते दोन गटांनी स्वतंत्रपणे मोजावे. आकडे फळ्यावर लिहिले, की मधले उंचवटे आणि खळगेही दिसू लागतील. दोन्ही गटांचे आकडे जुळले नाहीत, तर मिस्त्रींना वासा कापायला सांगण्यापूर्वी नळीतला बुडबुडा शोधा.