घरचा अभ्यास : गोधडीतला बर्फ

सातवीतल्या मुलाला विचारा, उष्णतेचे संक्रमण किती प्रकारे होते? तो डोळे मिटून सांगेल, वहन, अभिसरण आणि प्रारण. व्याख्याही घडाघडा म्हणेल. मग त्याला एवढेच विचारा, की बर्फाचे दोन सारखे खडे आहेत, एक ताटलीत उघडा ठेवला आणि दुसरा गोधडीत गुंडाळला, तर आधी कोणता वितळेल? आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न आम्ही दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी बहुतेक हात गोधडीच्या बाजूने वर जातात. "गोधडी गरम असते ना, ताई!" व्याख्या पाठ आहे, गुणही मिळतील, पण उष्णता कळलेली नाही.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. आपण मोठी माणसेच तसे बोलतो. गोधडी ऊब देते, लोखंड थंड असते, दाराच्या फटीतून थंडी आत येते. मूल हे लहानपणापासून ऐकते आणि पुस्तकातले वाक्य त्यावर नुसते चिकटवते. म्हणून हा धडा घरीही घ्यावा असे आम्हाला वाटते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जिची शाळा चौथीत सुटली त्या आईच्या चुलीवरही वहन, अभिसरण, प्रारण रोज घडत असते. तिने फक्त उत्तर सांगायची घाई करू नये. आधी मुलाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा, मग करून पाहावे. लिहून घेतला नाही तर ते नंतर हमखास म्हणते, "मला माहीतच होतं!"

रसवंतीवाल्याकडून बर्फाचे दोन सारखे खडे आणा. दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, म्हणजे गोधडी भिजायची नाही. तासाभराने उघडून पाहा. गोधडीतला खडा मोठा राहिलेला असतो. मुलांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे होतात. एका मुलाने आमच्यादेखत गोधडी उलटी करून झटकली, आत काही लपवले आहे का म्हणून!

गोधडी स्वतः कणभरही उष्णता तयार करीत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून बसलेली असते आणि अशी अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. रात्री ती आपल्या अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, दुपारी बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही. बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात ठेवतात ती यासाठीच. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, एवढे मुलाने पक्के धरले की पुढचे सोपे. थंडी नावाची वस्तू फटीतून आत येत नाही. आपली उष्णता बाहेर जाते, ऊबदार हवेच्या जागी थंड हवा येते.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. थंडीच्या सकाळी लोखंडी कॉटला हात लावा आणि लाकडी पाटाला लावा. कॉट जास्त थंड वाटते, पण रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखे असते. लोखंड हाताची उष्णता झटकन ओढून नेते, लाकूड नेत नाही, इतकाच फरक. मूल मानणार नाही. तेव्हा त्याला चंद्रपूर-नागपूरकडचा उन्हाळा सांगा. तिथे मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंशांपुढे जातो, म्हणजे सावलीतली कॉटही आपल्या कातडीपेक्षा तापलेली. तेव्हा तेच लोखंड लाकडापेक्षा जास्त गरम लागते. लोखंड जात्याच थंड असते तर असे झाले नसते.

उष्णता आणि तापमान यांची गल्लतही याच वयात सोडवलेली बरी. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. मुलाला गणित घाला. २०० ग्रॅम उकळते पाणी शून्य अंशापर्यंत निवताना २० हजार कॅलरी देते, म्हणजे पाव किलो बर्फ वितळतो. १५ लिटरची, नुसत्या ४० अंशांची बादली साडेसात किलो बर्फ वितळवते. तापमान पेल्यातल्या पाण्याचे जास्त, देण्याजोगी उष्णता बादलीत जास्त. (ताप मोजायचा तापमापक मात्र गरम पाण्यात बुडवू देऊ नका. तो फुटतो, आणि त्यात पारा असेल तर तो विषारी.)

वहन आणि अभिसरण स्वयंपाक करता करता होऊन जाते. ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपला जर्मनचा चमचा आणि स्टीलचा चमचा गरम पाण्याच्या पेल्यात उभे करा, वरच्या टोकांना थिजलेल्या तुपाने एकेक हरभरा चिकटवा. जर्मनचा हरभरा आधी पडतो. पातेल्यातल्या पाण्यात चिमूटभर चहाची पूड टाकून मंद आच ठेवली, की तळाचे पाणी तापून वर येताना आणि वरचे खाली जाताना पुडीबरोबर डोळ्यांना दिसते. मुंबईत दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे, हे याचेच मोठे रूप.

राहिले प्रारण. पुस्तकात ते चार ओळींत संपते, पण पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना त्याचाच त्रास सर्वांत जास्त. सूर्याची उष्णता १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून प्रारणानेच पत्र्यावर येते. पत्रा ती पटकन आतल्या बाजूला पोचवतो, हे वहन. मग तापलेला पत्रा खाली बसलेल्यांवर प्रारण करीत राहतो. म्हणून पंखा चालू असूनही डोके तापते. मुलाला पत्र्याखाली हात धरायला सांगा, मग हात आणि पत्रा यांच्यामध्ये वही आडवी धरायला सांगा. हवा तीच, पण हाताला लगेच बरे वाटते.

नवा चकचकीत पत्रा बरेच ऊन परतवतो, तरीही तापतो. चकचकीत धातू आपली उष्णता प्रारणाने बाहेर टाकायला मंद असतो. गंजला की ऊन शोषतोही जास्त. पांढरा चुना ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता आकाशाकडे सहज टाकतो, म्हणजे दोन्ही कामे साधतात. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. सातवीचे प्रारण तेच सांगते.

तेव्हा यंदा मार्चच्या आत पत्र्याला चुन्याचे दोन हात द्या. पावसात तो धुपतो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. आतून छत बांधायचे असेल तर पत्रा आणि छत यांच्यात वीतभर हवा मोकळी ठेवा. थर्माकोल किंवा पुठ्ठा मात्र चुलीच्या, स्टोव्हच्या वर लावू नका, पेट घेतो. मुलांना छपरावर चढवू नका. त्यांच्याकडे खालचे काम द्या. चुना देण्याआधी आणि दिल्यानंतर, रोज दुपारी २ वाजता, भिंतीवर टांगायच्या तापमापकावरचा आकडा वहीत लिहायचा. शेजारच्या चुना न दिलेल्या खोलीतलाही त्याच वेळी लिहायचा, कारण एखाद्या दिवशी ऊनच कमी असू शकते.