चिगरीच्या वाटेपलीकडे

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांना जोडणारी, सुमारे २२ किलोमीटरची जलद बससेवा २०१८ साली सुरू झाली. आमच्या नवनगरला तिचा लाभ झाला, यात शंका नाही. चिगरी खरोखरच हरणासारखी धावते! परंतु गोकुळ रोड, तारिहाळ, बेलूर येथील कारखाने तिच्या वाटेवर नाहीत. चिगरीतून उतरून मजुराने रोज रिक्षाला पैसे मोजले, तर मजुरीतून घरी काय न्यावे? २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचे तिकीट माफ आहे. पण पाळीच्या वेळेला बसच नसेल, तर ती सवलत काय कामाची? माझ्या मते, कारखान्यांच्या पाळ्या पाहून थांब्यांपासून छोट्या बसगाड्या सोडाव्यात. गरिबाला कामावर वेळेत पोचवील, तीच खरी जलद बस.