शंकरपटाचा छकडा

पातूरच्या लेण्यांवर आपण आवडीने लिहितो. वऱ्हाडी शंकरपटातला छकडा मात्र अभ्यासाचा विषय मानत नाही. माझ्या मते ती आपली शर्यतीची मोटारच! ओझे वाहायचे नसल्याने तो हलका घडवतात. उन्हाने लाकूड आक्रसले की चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे ‘धाव’ (नाव किती समर्पक!), सैल होते. लोहार ती कापून आखूड करतो, तापवून चढवतो, पाणी ओतून आवळतो.

सर्वोच्च न्यायालयाची २०१४ची बंदी ते १८ मे २०२३चा शर्यतींना मान्यता देणारा निकाल, या काळात बैलांवर पुष्कळ लिहिले गेले. ते आवश्यकच होते. पण छकडा घडवणाऱ्या सुतार-लोहारांचे काय? तळेगाव दशासरच्या पटाचा इतिहास विजेत्या जोड्यांपुरता सांगणे मला अपुरे वाटते. भट्ट्या पेटत्या आहेत तोवर मापे तरी उतरवून घ्या.