पांढरा चेंडू कुठे थांबतो?

मागच्या पालकसभेत अगदी शेवटी एक विषय निघाला आणि आवाज चढल्यामुळे अर्धाच राहिला. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला जुने पूल टेबल देऊ केले आहे. काही पालकांचे म्हणणे, तो खेळ अड्ड्यावरचा, शाळेत नको. विश्वस्त मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून माझे मत आधीच लिहून देतो : टेबल घ्यावे.

पालकांची भीती खोटी नाही. बेळगाव-हुबळीला शिकायला गेलेली मुले पार्लरमध्ये पैसे आणि तास घालवतात, हे मीही पाहिले आहे. पण तिथे त्यांना खेळ कोणी शिकवत नाही. जोरात मारायचे आणि चेंडू भोकात पडला की ओरडायचे, एवढेच. आपल्या जोयड्याची मुले तर या जोराला लवकर भुलतात, कारण त्यांचा नेम चांगला असतो. पावसाळाभर मैदानात चिखल असल्यावर घरोघरी कॅरमच चालतो ना! पण कॅरममध्ये सोंगटी घेतली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. स्नूकरमध्ये किंवा पूलमध्ये पांढरा चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका मारायचा. म्हणून कॅरमवाला पहिला चेंडू झोकात घेतो आणि दुसऱ्याला अडकतो.

नोकरीनिमित्त बेळगावात असताना माझेही असेच होई. तिथल्या एका म्हाताऱ्या मार्करने एकदा माझ्यासमोर फक्त दोन चेंडू सरळ रेषेत ठेवले. म्हणाला, "रंगीत चेंडू पडू दे नाहीतर राहू दे, पांढरा जागीच थांबला पाहिजे." आठवडाभर तो काही थांबेना. कधी पुढे जाई, कधी बाजूला घसरे. मी फटका मारता मारता डोके वर काढत होतो आणि माझा क्यू मध्यरेषा सोडत होता, हे त्याने बोट ठेवून दाखवले तेव्हा कळले.

यातले शास्त्र आठवीच्या मुलाला समजेल असे आहे. स्नूकरचे चेंडू सारख्या वजनाचे असतात. पांढरा चेंडू फिरकीशिवाय नुसता घसरत जाऊन दुसऱ्याला समोरासमोर लागला, तर आपला वेग त्याला देऊन जागीच थांबतो. तो गडगडत आला असेल, तर क्षणभर थबकून मागोमाग पुढे जातो. उलटी फिरकी घेऊन आला असेल, तर माघारी येतो. अशी उलटी फिरकी आपल्या मुलांना नवी नाही. रबरी चेंडू जमिनीवर बोटांनी दाबून निसटवला की तो पुढे जाऊन परत येतो, हा खेळ सगळ्यांनी खेळलेला आहे.

नवख्याला वाटते, क्यू खाली लावला की झाले. तसे नाही. टेबलावरचे कापड ती फिरकी वाटेत खात असते. त्यामुळे दोन वितींवरून माघारी येणारा चेंडू तीन हातांवरून जागीच थांबेल आणि त्याहून लांब असेल तर चक्क पुढेही जाईल. फटका मात्र तोच. तेव्हा टक्कर होईल त्या क्षणी किती फिरकी शिल्लक असेल, याचा अंदाज हाताला बसवणे हे खरे शिक्षण. आपल्याकडच्या पावसात कापड दमट होऊन जड झाले की तो अंदाजही बदलतो! चेंडूच्या उंचीच्या बरोबर सात-दशांशावर क्यू लागला, तर तो पहिल्या क्षणापासून न घसरता गडगडतो. हे गणित विज्ञानाच्या सरांना फळ्यावर सोडवून दाखवता येईल. भूगोलात वाऱ्यांच्या संदर्भात ज्याचे नाव येते त्या कोरिओलिसने १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर अख्खे पुस्तक लिहिले होते.

हा खेळ परकाही नाही. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या छावणीतला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, पण खेळ शिकला बेंगळुरूत. २०२४ पर्यंत त्याच्या नावावर २८ जागतिक विजेतेपदे जमा झाली होती. विद्या पिल्लईसुद्धा बेंगळुरूचीच. २०१७ साली सिंगापुरात महिलांच्या जागतिक स्नूकरचा अंतिम सामना ती ६-५ असा हरली. एका फ्रेमने! तेव्हा मुलींनाही टेबल बरोबरीने मिळावे, ही माझी पहिली अट.

दुसरी अट अशी की पहिला महिनाभर सर्वांनी सरळ फटकाच मारावा. बाजूची फिरकी नंतर. ती नेमच बिघडवते आणि मुलांना नेमकी तीच आधी हवी असते. तिसरी, पैज पाच रुपयांचीही नको. पैज लावताना जो सापडेल त्याचे खेळणे त्या वर्षापुरते बंद, मग तो कोणाचाही मुलगा असो.

खर्चाचेही सांगून टाकतो. टेबल फुकट असले तरी दगडी पाटी जड आहे आणि ती समतल बसली नाही तर सारे व्यर्थ. वाचनालयाशेजारची खोली द्यायची म्हटले, तर तिची कौले मे महिन्यातच फेरावी लागतील, नाहीतर पहिल्याच पावसात कापड जाईल. आणि पूलच्या जुन्या संचात पांढरा चेंडू कधी कधी वेगळ्या वजनाचा असतो. तसे असेल तर तो जागीच थांबायला शिकवणार कसा? टेबल उतरवून घेण्यापूर्वी दोन्ही चेंडू तराजूत घालून पाहावेत. तराजू मी घेऊन येतो.