ओल्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी

मंडळी, साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. १७१९ ते १७२४ च्या सुमारास विरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. काळ्या दगडाची, अष्टकोनी आणि चांगली खोल. एका वेळी बारा मोटा चालत आणि त्या पाण्यावर आमराई पोसली जाई. मोटा गेल्या, इंजिने आली, पण विहीर आजही शाबूत आहे.

असे काम पाहिले की आपण "जुनं ते सोनं" म्हणतो. आणि घरी येऊन आजोबांच्या वाड्याच्या ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायला गवंडी बोलावतो! आजचे सांगणे त्याबद्दलच आहे.

जुन्या वाड्याची भिंत माती नाहीतर चुन्याची. चुनखडी भट्टीत भाजायची, निघालेली कळी पाण्यात विरवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची. कोणी त्यात गूळ, बेलफळाचे पाणीही घालीत. हा चुना हवेतला वायू शोषून सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. शिवाय तो ओल कोंडून ठेवत नाही. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून, मातीतून बाहेर पडते आणि भिंत वाळते.

त्यावर सिमेंट थापले की ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीत वर चढते, आतली माती सैल होते, तुळईचे टोक कुजू लागते. वरून भिंत चकचकीत आणि आतून पोखरलेली. दोष मात्र आपण म्हाताऱ्या भिंतीला देतो.

पण जुने म्हणून सगळेच भक्कम, असेही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे घराखाली गेली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचा भार. भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड नव्हते, तिथे भिंती उभ्या फाटल्या.

म्हणून पावसाळ्याआधी एवढे करा. आधी पाणी कुठून येते ते शोधा. पन्हळ, कौले आणि जोत्याजवळचा उतार नीट करा. निम्मी ओल तिथेच थांबते. गिलावा मातीच्या भिंतीला मातीचा, चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच करा. कळी विरवताना चुना उकळतो, पोरांना लांब ठेवा. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा, थरावर थर चढवू नका. भिंतीला पोट आले असेल, कोपरा फाटला असेल, तर त्या खोलीत निजू नका. जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

वाडा पाडणे दोन दिवसांचे काम आहे. त्यातले सागवान आणि घडीव दगड परत जमवायचे म्हटले तर शेत विकावे लागेल. गावात चुन्याचे काम केलेला म्हातारा गवंडी असेल, तर या उन्हाळ्यात त्याला बोलवा. आणि घरातले एक पोर त्याच्या हाताखाली द्या. त्याच्या हातातली विद्या त्याच्याबरोबर गेली, तर पुढच्या ओलीला विचारायचे कोणाला?