जनुकतज्ज्ञाची खुर्ची कुठे हवी?

बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की खापर फोडायला आई असतेच: ग्रहणात विळीवर बसली असेल! वाळूज औद्योगिक वसाहतीलगत रांजणगाव शेणपुंजीत, बजाजनगरात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना याहून बरं उत्तर मिळायला हवं. शल्यविशारद ओठ शिवून देतो. पण ‘पुढचं बाळही असंच होईल का?’ हे सांगणं बालजनुकतज्ज्ञाचं काम. लखनऊच्या संजय गांधी संस्थेत डॉ. शुभा फडके यांनी या कामात हयात घालवली. अशी माणसं मोजक्या मोठ्या संस्थांपुरती न राहता छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या प्रत्येक विभागीय सरकारी रुग्णालयात कायम पदावर हवीत. डाउन सिंड्रोमचंच बघा. शंभरातल्या सुमारे 95 मुलांत 21व्या गुणसूत्राची जादा प्रत योगायोगाने आलेली असते. आई तरुण असेल तर पुढच्या खेपेचा धोका साधारण एक टक्का. तीन-चार मुलांत मात्र ते गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं असतं, आणि धडधाकट आई किंवा बापाकडूनही ते आलेलं असू शकतं. पालकाची दोन्ही 21वी गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असली, तर जन्मणारं प्रत्येक मूल तसंच. चेहऱ्यावरून हा फरक ओळखू येत नाही. त्याला गुणसूत्रांची तपासणी लागते आणि ती समजावून सांगणारा माणूसही.

कुणी म्हणेल, वाळूजला दोष धुराचा आणि रसायनांचा, जनुकं कसली शोधता? शंका रास्त आहे, पण ती खरी की खोटी हे नोंदीशिवाय ठरणार कसं? हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ बालरोगतज्ज्ञ होते आणि जनुकशास्त्रज्ञही. अर्धवट हातपायांच्या बाळांच्या आयांकडे चौकशी करत ते गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडपर्यंत पोचले आणि नोव्हेंबर 1961मध्ये ते औषध जर्मनीत बाजारातून काढलं गेलं. दोष जनुकाचा नाही, हेही जनुकं जाणणाराच छातीठोकपणे सांगू शकतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात नऊ जन्मदोष हुडकले जातात. हुडकायचं आणि कारण सांगायला कुणी ठेवायचं नाही, ही कसली काटकसर? या नवांतला एक दोष मज्जानलिका नीट न मिटण्याचा. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडवणारी ही नलिका गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येईपर्यंत वेळ संपत आलेली असते. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे 1991च्या चाचणीने दाखवलं. गोळी स्वस्त आहे, ती वेळेआधी सांगणारं कुणी नाही.

जनुकतज्ज्ञ आला की गर्भपात वाढतील, ही भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण सोनोग्राफीचे अहवाल आजही हातात पडतातच, आणि त्यातल्या एखाद्या ओळीच्या धसक्याने निर्णय होतात. दोष किती गंभीर, मूल कसं जगेल, उपचार काय, हे शांतपणे सांगणारा डॉक्टर असेल तर काही गर्भ वाचतीलही. गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीने वैद्यकीय मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीचा जाणकार नावानिशी नेमले. जनुकतज्ज्ञाचं नाव त्यात असतं तर बरं झालं असतं.