आईचे 'पित्त'

आपल्या मराठवाड्यात घरातील पुरुषाच्या छातीत कळ आली, की रातोरात गाडी ठरते आणि 'घाटी' गाठली जाते. आईला मात्र दम लागला, जबडा वा पाठ दुखली, मळमळले, की 'पित्त झाले असेल' म्हणून आपण मोकळे होतो. स्त्रियांच्या हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात!

१९८६ साली फ्रान्समध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला स्टेंट बसला. २०१७ साली आपल्या सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. तरीही स्टेंटनंतर रक्तस्राव आणि मृत्यू यांचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळते. त्यांच्या रक्तवाहिन्या बारीक, आजार होतो तेव्हा वय अधिक, जोडीला मधुमेह. ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उशीर. तो निसर्गाने दिलेला नाही, घराने दिलेला आहे.

मित्रहो, आई स्वतः सांगणार नाही. 'स्वयंपाक आटोपून जरा पडते' एवढेच म्हणेल. तेव्हा पित्ताची गोळी शोधू नका. आधी तिचा कार्डिओग्राम काढा!